धर्मांतर आणि विवाहबंधन : मराठी ख्रिस्ती समाजाच्या एका जुन्या प्रश्नाचीं साधनें

मराठी मुलखांतील ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहितांना मिशनांची स्थापना, शाळा, छापखाने आणि दुष्काळांतील कामगिरी यांजकडे अभ्यासकांचें लक्ष विशेष गेलें आहे. घराच्या उंबरठ्याआंत काय घडलें याची चौकशी त्या मानानें थोडी झाली. वस्तुतः बाप्तिस्मा घेणाऱ्या विवाहित मनुष्यापुढें उभा राहणारा पहिला प्रश्न वतनाचा किंवा वृत्तीचा नसे; तो घरच्या माणसाचा असे. अग्निसाक्ष वरलेली स्त्री बाप्तिस्म्यानंतर पत्नी राहिली कीं नाहीं? ती येण्यास कबूल नसेल तर पुरुषानें काय करावें, आणि तिनें तरी काय करावें? आजन्म एकनिष्ठ राहावें असा उपदेश करणारा धर्म जोडप्यापैकीं एकानेंच स्वीकारला, तर त्या उपदेशाचें पालन कसें व्हावें? या प्रश्नास शास्त्राधारें, चर्चच्या निर्णयांनीं, सरकारच्या कायद्यानें आणि प्रत्यक्ष संसार केलेल्या माणसांनीं जीं उत्तरें दिलीं, तीं एकत्र ठेवून पाहावीं, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

(१) शास्त्राधार

ख्रिस्ती धर्मांत विवाहाच्या अभेद्यतेचा मूळ आधार ख्रिस्ताच्याच वचनांत आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायांत सूटपत्राविषयीं परूश्यांशीं झालेला संवाद आहे. तेथें ख्रिस्तानें मोशेच्या नियमाच्याही मागें जाऊन सृष्टीच्या आरंभाचा दाखला दिला, आणि देवानें जोडलेलें मनुष्यानें तोडूं नये असा निर्णय केला. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत नवऱ्याच्या प्रेमाचें माप सांगितलें आहे. ख्रिस्तानें मंडळीसाठीं स्वतःस वाहून घेतलें, तेंच तें माप. या दोन्ही स्थळीं वधू आणि वर एकाच श्रद्धेचे आहेत असें गृहीत आहे.

परंतु करिंथ येथील नवख्रिस्ती मंडळींत एकानें विश्वास धरिला व दुसऱ्यानें धरिला नाहीं अशीं घरें होतीं. त्यांना उद्देशून पौलानें पहिल्या करिंथकर पत्राच्या सातव्या अध्यायांत जें लिहिलें, त्यावर पुढील सर्व इमारत उभी आहे. त्याचा आशय असा : विश्वास न धरणारी पत्नी नांदण्यास कबूल असेल तर तिला टाकूं नये, पतीच्या बाबतींत स्त्रीनेंही तसेंच वागावें, मात्र विश्वास न धरणारा पक्ष आपण होऊन निघून गेला तर जाऊं द्यावें, अशा प्रसंगीं भाऊ किंवा बहीण बांधलेली नाहीं. या आदेशांत दोन अंगें आहेत हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. पहिलें नांदविण्याचें, दुसरें मोकळीक देण्याचें. पौलाचा ओढा पहिल्याकडे आहे, व दुसऱ्यास त्यानें निरुपाय म्हणून जागा दिली आहे. पुढील काळांतील कायदेपंडितांनीं दुसऱ्या अंगाचाच विस्तार केला.

हा अध्याय छापील मराठींत प्रथम आला तो श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनीं १८११ सालीं काढलेल्या नव्या कराराच्या भाषांतरांत. अमेरिकन मिशनचें मुंबईंतील भाषांतर १८२६ सालचें आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बाप्तिस्मा घेणाऱ्या मराठी मनुष्यास हा आदेश स्वभाषेंत वाचावयास मिळत होता.

(२) ट्रेंटची परिषद आणि पोर्तुगीज अंमल

पश्चिम किनाऱ्यावर हा प्रश्न त्यापूर्वीं अडीचशें वर्षें उपस्थित झालेला होता. पोर्तुगिजांनीं १५१० सालीं गोवा घेतला, १५३४ सालीं वसई त्यांजकडे आली, आणि त्यांच्या अंमलांत ख्रिस्ती वस्ती वाढत गेली. याच सुमारास रोमकडून नवख्रिस्ती लोकांच्या विवाहाविषयीं तीन निर्णय निघाले. तिसऱ्या पॉल पोपनें १५३७ सालीं बहुपत्नीक पुरुषाविषयीं असें ठरविलें कीं, पहिली पत्नी कोणती हें आठवत असेल तर तीच त्यानें ठेवावी, आठवत नसेल तर एकीची निवड करावी. पांचव्या पायस पोपनें १५७१ सालीं, जी पत्नी नवऱ्याबरोबर बाप्तिस्मा घेईल तिच्यासह राहण्यास परवानगी दिली. तेराव्या ग्रेगरी पोपचा १५८५ सालचा निर्णय गुलाम करून दूरदेशीं नेलेल्या लोकांसंबंधीं आहे. मागें राहिलेल्या जोडीदारास विचारणेंच अशक्य झालें असतां त्यांना पुन्हा विवाह करतां यावा, अशी तजवीज त्यांत आहे.

या निर्णयांतील ‘विचारणें’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बाप्तिस्मा न घेतलेल्या पक्षास दोन प्रश्न करावयाचे असा चर्चचा दंडक होता : तूं बाप्तिस्मा घेतोस काय? घेत नसल्यास, देवाची निंदा न करितां शांतपणें नांदतोस काय? दोन्हींस नकार मिळाला तरच ख्रिस्ती पक्षास दुसरा विवाह करण्याची मोकळीक. शिवाय पूर्वीचा संबंध बाप्तिस्म्यानें तुटत नाहीं, तर नवा विवाह लागतो त्या क्षणीं तुटतो, असें चर्चचें शास्त्र मानतें. तोपर्यंत परतीची वाट उघडी असते.

ट्रेंटच्या परिषदेनें १५६३ सालच्या नोव्हेंबरांत विवाहविधीविषयीं ठराव केला, तो कागदपत्रांच्या संग्राहकांस विशेष मोलाचा आहे. तीन सणांच्या दिवशीं चर्चमध्यें आगाऊ जाहीर करावें, धर्मग्रामाचा पाद्री व दोन वा तीन साक्षीदार यांच्या समक्ष विवाह लागावा, आणि वधूवरांचीं व साक्षीदारांचीं नांवें, दिवस व स्थळ हीं एका वहींत नोंदून ती वही पाद्र्यानें जतन करावी, असें त्यांत सांगितलें आहे. गुप्तपणें केलेला संबंध नाकारून नवरा मोकळा होई, त्यास आळा घालणें हा त्याचा हेतु होता. निष्ठेची शपथ ही केवळ दोघांमधील गोष्ट न राहतां गांवाच्या साक्षीची व लेखी पुराव्याची गोष्ट झाली ती येथें. गोव्यास पहिली प्रांतिक धर्मपरिषद १५६७ सालीं भरली आणि ट्रेंटचे ठराव या बाजूस लागू करण्याचें काम तेथून चालू झालें. गोमंतकांत ख्रिस्ती विवाहास आजही काजार म्हणतात. तो शब्द पोर्तुगिजांतून आलेला आहे. विधीबरोबर त्याचें नांवही परभाषेंतून आलें हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

परंतु उपदेश परभाषेंत राहून चालण्यासारखें नव्हतें. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास उतरले आणि १६१६ सालीं राचोल येथें त्यांचें ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपींत छापून निघालें. आदाम व एवा या पहिल्या जोडप्यापासून ख्रिस्तचरित्रापर्यंतची सर्व कथा त्यांत मराठी ओवींत आहे. १६४९ व १६५४ सालींही तें छापलें गेलें. परंतु त्या मुद्रित प्रती नाहींशा झाल्या आणि ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांच्या आधारावर. सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन लिपींत आवृत्ति काढली ती अशाच प्रतींवरून. लंडनच्या मार्सडेन संग्रहांतील नागरी प्रत अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन अॅबट यांनीं पुढें आणली. नवख्रिस्ती घरांत हें पुराण वाचलें जात असे, हें ध्यानांत घेतां विवाहाच्या उगमाची ख्रिस्ती कथा पुराणश्रवणाच्या जुन्याच वळणानें मराठी कानांवर पडली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

(३) दोन प्रकारचीं घरें

एकोणिसाव्या शतकांत प्रॉटेस्टंट मिशनांमुळें हाच प्रश्न देशावर उपस्थित झाला. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री १८१३ सालीं मुंबईस आले व १८३१ सालीं अहमदनगर येथें ठाणें बसलें. या भागांतील नवख्रिस्ती लोकांचे दोन वर्ग पाडल्यावांचून विषयाचा उलगडा होत नाहीं.

नगर जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळींत बहुसंख्य लोक महार समाजांतून आले. या समाजांत, तसेंच कुणबी व इतर अनेक जातींत, पाट किंवा मोहतूर लावण्याची रूढि होती. नवरा मेल्यावर तर स्त्री पाट लावीच, पण पंचांच्या संमतीनें काडीमोड होऊन नवरा जिवंत असतांही दुसरें घर करतां येई. पेशवाईच्या कागदांत पाटदाम नांवाची बाब आढळते, तिच्यावरून हा व्यवहार किती उघड व राजमान्य होता हें दिसतें. अशा घरांतील मनुष्य ख्रिस्ती झाला म्हणजे आजन्म एकनिष्ठतेचा उपदेश त्याला नवा असे. पूर्वीं जें पंचांपुढें सुटत होतें, तें आतां मरणावांचून सुटत नाहीं, हें बंधन त्यास नव्यानें अंगीं लावून घ्यावें लागे.

ब्राह्मणादि वरिष्ठ जातींत याच्या उलट स्थिति होती. तेथें विवाह हा संस्कार, आणि स्त्रीच्या बाजूनें तो अभेद्यच. धर्मशास्त्राप्रमाणें पतित झालेल्या नवऱ्याशीं व्यवहार बंद होई, परंतु पत्नी दुसऱ्याची होऊं शकत नसे. ती कुंकू लावून विधवेसारखी दिवस काढी. न्यायालयांनींही धर्मांतरानें हिंदु विवाह आपोआप सुटत नाहीं हेंच तत्त्व धरिलें. मुंबई हायकोर्टानें १८८० सालीं गंगा नांवाच्या स्त्रीच्या खटल्यांत, मुसलमान होऊन दुसरा विवाह करणाऱ्या हिंदु विवाहितेस दुसऱ्या विवाहाच्या गुन्ह्यास पात्र ठरविलें. सारांश, या वर्गास ख्रिस्ती उपदेशांतील एकनिष्ठता नवी नव्हती; नवी होती ती पौलाच्या वाक्यांतील मोकळीक.

एकच धर्म एका घरीं गांठ घट्ट करण्यास सांगत आला व दुसऱ्या घरीं तीच गांठ सोडण्याची सोय घेऊन आला. मिशनांनीं हिंदु संसार मोडले हा आरोप, आणि मिशनांनीं स्त्रीस विवाहाची प्रतिष्ठा दिली ही प्रशंसा, या दोहोंचा उगम या भेदांत आहे. ज्याच्या डोळ्यांपुढें जें घर होतें, त्याप्रमाणें त्यानें निवाडा केला.

(४) सन १८६६ चा एकविसावा कायदा

धर्मांतर करणाऱ्याचा वारसा बुडूं नये म्हणून १८५० सालीं एक कायदा झाला होता. तोही त्या वर्षाचा एकविसावा. इस्टेटीची सोय झाली, परंतु संसाराची झाली नाहीं. ज्याची पत्नी माहेरीं गेली व परत येत नाहीं, त्यानें दुसरें लग्न केलें तर तो गुन्हेगार ठरण्याचा संभव, आणि न केलें तर एकाकी जन्म. यावर उपाय म्हणून गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलांतील कायदेमंत्री हेन्री मेन यांनीं बिल मांडलें, आणि नवख्रिस्ती लोकांच्या विवाहविच्छेदाचा कायदा १८६६ सालीं संमत झाला.

त्याची रीत थोडक्यांत अशी. ख्रिस्ती झाल्यामुळें पति किंवा पत्नी सतत सहा महिने सोडून राहिली, तर ख्रिस्ती पक्षानें कोर्टांत अर्ज करावा. हा अर्ज प्रथम घटस्फोटाचा नसून सहवास मिळावा म्हणून करावयाचा. मग न्यायाधीशानें प्रतिवादी पक्षास विचारावें कीं, तूं नांदावयास जातेस काय. नकाराचें कारण धर्मांतर हेंच आहे काय. नकार आल्यास काम एक वर्ष तहकूब ठेवावें. वर्षानंतर पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा नकार आला तर विवाह सुटल्याचा हुकूम व्हावा आणि उभयतांस पुनर्विवाहाची मोकळीक मिळावी. पुरुषाचें वय किमान सोळा व स्त्रीचें तेरा असावें अशी अट होती. मुसलमान व यहुदी लोकांस हा कायदा लागू नव्हता. अर्ज करण्याचा अधिकार ख्रिस्ती झालेल्या स्त्रीसही होता, हें विसरतां कामा नये.

चर्चच्या जुन्या दंडकांतील ‘विचारणें’ आणि या कायद्यांतील न्यायाधीशाची विचारपूस यांतील साम्य उघड आहे. भेद आहे तो मुदतीचा. पौलानें मुदत घातली नव्हती, कायद्यानें घातली. सहा महिने आणि एक वर्ष, मिळून दीड वर्षांत निकाल. कोर्टास मुदत लागतेच, यांत कायदेकर्त्यांचा दोष नाहीं. परंतु तेरा वर्षांच्या मुलीस न्यायाधीशापुढें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर तिचें स्वतःचें किती व माहेरच्या मंडळींचें किती, हा संशय त्या काळींही कोणाच्या मनांत आला असल्यास नवल नाहीं.

सहवासासाठीं दावा ही कल्पना मुळांत इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतील. रखमाबाईच्या गाजलेल्या प्रकरणांत, म्हणजे १८८४ पासून १८८८ पर्यंत, तीच कल्पना दोन हिंदु पक्षांमध्यें लागू झाली आणि सगळा देश तिच्यावर वाद घालूं लागला. न्यायमूर्ति पिन्ही यांनीं १८८५ सालीं रखमाबाईच्या बाजूनें निकाल दिला, तो अपिलांत फिरला, आणि १८८८ सालीं उभय पक्षांच्या तडजोडीनें प्रकरण मिटलें. ख्रिस्ती निष्ठेच्या रक्षणासाठीं जन्मास आलेलें साधन अनिच्छुक स्त्रीस जबरीनें नेण्याचें हत्यार कसें होऊं शकतें, हें या खटल्यानें दाखविलें.

याच मालिकेंत १८६९ चा घटस्फोटाचा कायदा व १८७२ चा ख्रिस्ती विवाहाचा कायदा येतो. पहिल्यांत पत्नीचा व्यभिचार एवढेंच कारण पतीस पुरे होई. पत्नीस मात्र पतीचा व्यभिचार सिद्ध करून शिवाय क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग यांसारखी जोड द्यावी लागे. हा पक्षपात २००१ सालच्या दुरुस्तीनें दूर झाला. आजन्म निष्ठेचा उपदेश वेदीपुढें दोघांस सारखाच केला जात असतां, कायद्याच्या पुस्तकांत तो एकशें बत्तीस वर्षें सारखा नव्हता.

(५) एका घराचा पुरावा

कायद्याचें कलम सर्वांस सारखें असतें. त्याच्या बाहेर काय घडूं शकतें हें एखाद्या घराच्या हकीकतीवरूनच कळतें. सुदैवानें अशी एक हकीकत मराठींत आहे, व ती स्त्रीच्या हातची आहे. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालीं; लेखिकेचा मृत्यु १९३६ सालचा.

नारायण वामन टिळक आणि जलालपूरच्या गोखल्यांची मनु यांचा विवाह १८८० च्या सुमारास झाला. १८९३ सालीं राजनांदगांवच्या प्रवासांत आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें टिळकांस नवा करार दिला, आणि १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. धाकटा मुलगा दत्तू पदरीं, नवरा जिवंत पण धर्माबाहेर, अशा स्थितींत त्या आप्तांच्या आश्रयानें पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणीं राहिल्या. मनाचा व शरीराचा जो कोंडमारा झाला, तो त्यांनीं पुढें कोठेंही रडगाणें न करितां लिहिला आहे.

१८६६ च्या कायद्याच्या मोजमापानें पाहतां टिळकांस १८९५ च्या अखेरीपूर्वींच अर्ज करण्याचा हक्क प्राप्त झाला होता, आणि १८९७ पर्यंत निकालही मिळाला असता. टिळक त्या वाटेस गेले नाहींत. पत्रें आणि भेटी चालू राहिल्या. आणि सुमारें पांच वर्षांनीं लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या. त्या आल्या तेव्हां ख्रिस्ती नव्हत्या. आपला सोंवळ्याचा आचार ठेवूनच आल्या. पौलाच्या आदेशाचें पहिलें अंग, नांदण्यास कबूल असलेल्या पत्नीस टाकूं नये हें, येथें अक्षरशः आचरणांत आलें. जातिभेद मनुष्यकृत आहे असा निश्चय त्यांच्या मनानें पुढें आपल्या आपण केला, आणि १९०० सालीं राहुरी येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या विचारण्यास उत्तर देण्यास कायद्यानें दिली असती तीहून तिप्पट मुदत लागली, आणि उत्तर ‘होय’ असें आलें.

या हकीकतीस गोड आख्यायिकेचें रूप देणें मात्र अन्यायाचें होईल. टिळक लहरी होते; धर्मांतरापूर्वींही घर सोडून निघून जाणें त्यांस नवें नव्हतें, व १९१७ सालीं त्यांनीं संन्यस्तवृत्ति धरून ‘देवाचा दरबार’ काढला, तेव्हांही संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्याच वांट्यास आली. इफिसकर पत्रांतील माप नवऱ्यास लावलें तर टिळक पुष्कळ ठिकाणीं उणे पडतात, आणि लक्ष्मीबाई तें हंसतहंसत सांगतातही. निष्ठेचा पुरावा यांतच आहे कीं, इतकें पाहूनही टिळकांच्या १९१९ सालच्या मृत्यूनंतर त्यांचें अपुरें ‘ख्रिस्तायन’ पुरें करण्यास लक्ष्मीबाईच बसल्या.

पुरावा म्हणून ‘स्मृतिचित्रांचें’ वजन करितांना दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. ग्रंथ घटनांनंतर सुमारें पस्तीस वर्षांनीं लिहिला गेला, आणि फळ काय आलें हें ठाऊक असलेल्या व्यक्तीनें लिहिला. म्हणून तारखांच्या बाबतींत ‘ज्ञानोदया’चे अंक व विन्स्लो यांनीं १९२३ सालीं लिहिलेलें टिळकांचें इंग्रजी चरित्र ताडून पाहणें अवश्य आहे. परंतु घरांतील वागणूक, बोलणें आणि मनाची घालमेल यांविषयीं याहून प्रत्यक्ष साधन मराठींत नाहीं.

(६) उपसंहार

वरील साधनांवरून एक निष्कर्ष निघतो. विवाहनिष्ठेच्या ख्रिस्ती उपदेशाचीं दोन अंगें होतीं, आणि लेखी साधनांत दुसऱ्या अंगाचाच भरणा आहे. निकाल झाला म्हणजे दप्तर तयार होतें. संसार सांधला गेला म्हणजे कोठें कागद उरत नाहीं. कोर्टाच्या दप्तरावरूनच इतिहास लिहिला तर धर्मांतरानें घरें मोडलीं एवढेंच दिसेल. टिळकांसारखीं जीं घरें कोर्टाच्या पायरीस न जातां वाट पाहत राहिलीं, त्यांचा पुरावा खाजगी पत्रांत, चर्चच्या विवाहवहींत, आणि घरच्या बायकांच्या आठवणींत असतो.

पोथ्या, बखरी व सनदा यांच्या संग्राहकांस एवढीच विनंति आहे कीं, नगर, नाशिक, वसई व गोमंतक या भागांत फिरतांना चर्चमधील जुन्या विवाहवह्या, नवराबायकोंचीं पत्रें व मोडी लिपींतील काडीमोडीचे कागद यांजकडेही लक्ष असावें. वाळवी सनदेचा कागद व पत्राचा कागद यांत भेद करीत नाहीं. नांवें, साक्षीदार, दिवस आणि स्थळ यांची चार ओळींची नोंदही पुरे होते. तशा नोंदी दोन्ही प्रकारच्या घरांतून हातीं आल्या म्हणजे मोडलेल्या घरांशेजारीं सांधलेलीं घरेंही मोजतां येतील, आणि धर्मांतरानें मराठी संसाराचें काय केलें याचा निवाडा दोन्ही बाजूंचा पुरावा पाहून देतां येईल.